ई-मेलमधील प्रेषकाचा पत्ता : खरा की बनावट?

दुसऱ्या व्यक्तीचा अथवा संस्थेचा पत्ता प्रेषक म्हणून दाखवून ई-मेल पाठविणे यास ‘स्पूफिंग’ म्हणतात. त्यासाठी त्या व्यक्तीचा पासवर्ड चोरावा लागत नाही. याचे कारण ई-मेलच्या मूळ रचनेतच आहे.

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ‘एसएमटीपी’ या नियमावलीनुसार जातो. जॉन पोस्टेल यांनी ती ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी हे जाळे प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधनसंस्थांपुरते मर्यादित होते. त्यामुळे प्रेषकाची ओळख पटविण्याची सोय तीत ठेवलेली नव्हती.

प्रत्येक ई-मेलला प्रेषकाचे दोन पत्ते असतात. पहिला जणू लिफाफ्यावरचा. तो सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि पत्र न पोहोचल्यास सूचना त्याच पत्त्यावर परत येते. दुसरा आतील कागदाच्या शिरोभागी असतो. आपल्याला ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो हाच. हे दोन्ही पत्ते एकच असावेत, असे बंधन मूळ नियमावलीत नाही. लबाडी नेमकी येथेच साधते.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय योजण्यात आले. ‘एसपीएफ’ (२००६) मध्ये डोमेनचा मालक आपले पत्र कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे जाहीर करतो. मात्र ही तपासणी लिफाफ्यावरील पत्त्याची असते. ‘डीकेआयएम’ (२००७) मध्ये पाठविणारा सर्व्हर पत्रावर डिजिटल सही करतो. ‘डीमार्क’ची पद्धत २०१२ मध्ये जाहीर झाली. दिसणाऱ्या पत्त्याचे डोमेन वरीलपैकी एका तरी तपासणीत सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळते का, हे ती पाहते. न जुळल्यास पत्र स्वीकारावे, संशयित म्हणून बाजूला ठेवावे की नाकारावे, याची सूचना डोमेनचा मालक देऊन ठेवतो. जीमेलच्या खात्यांवर दररोज ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही उपाय बंधनकारक केले.

तथापि ही तपासणी डोमेनची आहे, माणसाची नव्हे. कोणीही नवे खाते उघडून त्यावर परिचिताचे नाव घालू शकतो, आणि असे पत्र तिन्ही कसोट्यांना उतरते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये धर्मगुरूंच्या नावे भेटकार्डे मागणाऱ्या अशाच ई-मेलविषयी सावध केले होते.

म्हणून केवळ नाव न वाचता संपूर्ण पत्ता अक्षरशः तपासावा. जीमेलमधील ‘शो ओरिजिनल’ या सोयीने तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. पैशाची मागणी असल्यास, पत्रातील क्रमांकावर नव्हे तर आपल्याकडील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. भारतात फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे.