अपघात विभागातला डॉक्टर आणि त्याची पदवी

मुंबई इलाख्यात डॉक्टरच्या पाटीवरच्या अक्षरांना कायद्याचा आधार मिळाला तो १९१२ साली. त्या वर्षीच्या मुंबई वैद्यक कायद्याने वैद्यकीय परिषद स्थापन झाली आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंदवही सुरू झाली. हिंदुस्थानातला प्रांतिक पातळीवरचा असा हा पहिलाच कायदा. त्याआधी ज्या संस्थेने पदवी दिली तिचा लौकिक एवढीच रोग्याच्या हाती खात्री होती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, आणि ‘जी.जी.एम.सी.’ म्हणजे ग्रँट कॉलेजचा पदवीधर, हीच त्या तुकडीची ओळख होती. पुढे विद्यापीठाची एल.एम. अँड एस. आली, मग एम.बी.बी.एस. कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. लावणारे डॉक्टर तर महाराष्ट्राच्या गावोगाव दिसत.

नोंदवहीचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्य आणि हकिमांची नोंद होऊ लागली. स्वतंत्र महाराष्ट्रात भारतीय वैद्यक पद्धतींसाठी १९६१ चा आणि आधुनिक वैद्यकासाठी १९६५ चा महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा आला. या सगळ्या कायद्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले: हा माणूस वैद्यकी करू शकतो का? कोणत्या कामात तो तयार झाला आहे, हे कळायला पाटीवरची पुढची अक्षरे वाचावी लागत. शस्त्रक्रिया, प्रसूती, डोळे, बालरोग यांची अक्षरे विसाव्या शतकात एकामागून एक आली. ज्या रोग्याला डॉक्टर निवडायला क्षणाचीही सवड नसते, त्याच्यासाठीची अक्षरे मात्र शेवटी आली, तीही एकविसाव्या शतकात.

तोवर तातडीचा रोगी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ‘कॅज्युअल्टी’त येई. तिथे बसणारा सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, बहुधा नुकताच एम.बी.बी.एस. झालेला असे; सोबत इंटर्न. रोगी तपासायचा, पोलिस केस असेल तर एमएलसीचा कागद भरायचा, आणि सर्जरी, मेडिसिन किंवा ऑर्थोच्या निवासी डॉक्टरला बोलावणे पाठवायचे, असा क्रम होता. रोगी ज्या घटकेला सर्वांत धोक्यात असे, त्या घटकेला त्याच्याजवळ सर्वांत कमी अनुभवाचा डॉक्टर उभा असे. रुग्णालयांच्या रचनेतला हा मोठा दोष होता आणि तो अनेक दशके कोणाला दोष वाटला नाही. त्या तरुण डॉक्टरांनी किती जीव वाचवले याला गणती नाही. पण त्यांना त्या कामासाठी कोणी शिकवले नव्हते.

परदेशातही फार वेगळे नव्हते. इंग्लंडमध्ये लीड्स इथे मॉरिस एलिस यांची १९५२ मध्ये कॅज्युअल्टीचे पहिले कन्सल्टंट म्हणून नेमणूक झाली आणि १९६७ मध्ये तिथल्या कॅज्युअल्टी सर्जनांची संघटना उभी राहिली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये आपापला खासगी व्यवसाय सोडून रुग्णालयाचा तातडीचा विभाग अहोरात्र सांभाळण्याचे ठरवले. १९६८ मध्ये मिशिगनमध्ये अशा डॉक्टरांची संघटना झाली, १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले आणि १९७९ मध्ये या शाखेला तिथे स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आधी काम, मग संघटना, मग शिक्षण आणि सगळ्यांत शेवटी पदवी, असा हा प्रवास झाला.

भारतात या विषयाला पहिला जोरदार धक्का न्यायालयाने दिला. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिस केस म्हणून घेतले नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितले, आणि तिथे पोहोचण्याआधी तो दगावला, अशी बातमी छापून आली होती. तिच्या आधारे परमानंद कटारा यांनी याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. ‘आधी पोलिसांत जा’ हे उत्तर त्या दिवसापासून बेकायदा ठरले. रोग्याला आत घेण्याची सक्ती झाली. आत कोण असावे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर यायला वीस वर्षे लागली. भारतीय वैद्यकीय परिषदेने २००९ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली आणि एम.डी. चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होण्याची वाट मोकळी झाली. पुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी.ही आली. निदान ठरण्याआधीच उपचार सुरू करणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. बंद पडलेले हृदय, गुदमरलेला श्वास, सर्पदंश, विषबाधा, भाजलेले अंग, अनेक ठिकाणी मोडलेली हाडे यांत आधी काय हाताळायचे, हे त्यात शिकवले जाते.

मान्यतेआधीची पोकळी खासगी रुग्णालयांनी परदेशी विद्यापीठांच्या साहाय्याने भरली होती. एम.ई.एम. हा त्यांतला परिचित अभ्यासक्रम. त्यातून कसलेले डॉक्टर तयार झाले हे मान्य करायलाच हवे. पण भारतातल्या कायद्याने मान्य केलेली ती पदव्युत्तर पदवी नाही. एम.आर.सी.ई.एम. हे ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या परीक्षेने मिळणारे सदस्यत्व आहे. ब्रिटनमध्येसुद्धा तेवढ्याने कोणी कन्सल्टंट होत नाही. काही दिवसांत मिळणारी बी.एल.एस., ए.सी.एल.एस. ही प्रमाणपत्रे तर विशिष्ट कौशल्यांची असतात, शाखेची नव्हेत. ती नावापुढे पदवीसारखी लावलेली दिसली तर रोग्याने फसू नये.

महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिचे नियंत्रण पुण्यातल्या औंधहून होते. इथल्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, आणि त्यांतले बरेच जण आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. गावाकडच्या रोग्याला पहिला हात बहुधा याच डॉक्टरांचा लागतो, म्हणून त्यांच्या तातडीच्या प्रशिक्षणाकडे विशेषज्ञांच्या शिक्षणाइतकेच लक्ष द्यायला हवे.

शाखेचे स्थान अजून पक्के झालेले नाही. २०२० च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयांना इमर्जन्सी मेडिसिनचा स्वतंत्र विभाग बंधनकारक केला होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये आवश्यक विभागांच्या यादीतून तो वगळला. तातडीची सेवा रुग्णालयात हवी, पण ती शिकवणारा विभाग हवाच असे नाही, ही भूमिका मागे नेणारी आहे.

२००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवला पाहिजे, आणि त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवता कामा नये. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत पदव्युत्तर पदवीची वेगळी, जादा नोंद होते आणि नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. तेव्हा नाव, क्रमांक, नूतनीकरण आणि जादा नोंदीत एम.डी. किंवा डी.एन.बी. इमर्जन्सी मेडिसिन आहे का, एवढे पाहिले की पुरते. छातीत कळ आल्यावर ही तपासणी कोणी करत बसू नये. तेव्हा जवळचे रुग्णालय गाठावे. घरापासून जवळच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता अपघात विभागात कोण असते आणि त्याची पदवी काय, हे प्रत्येक कुटुंबाने घरी सगळे धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.