केळणेचा उतार

डोळे टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणा. सहा मिलिमीटरचा शिपाई, ज्वारीच्या दाण्याहून किंचित उंच. सहा सेंटिमीटरच्या पट्टीवर चिकटवलेले असे तीस शिपाई म्हणजे एक अख्खी पलटण, आणि टेबलावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या म्हणजे नद्या: दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. दोघींच्या बेचक्यात, जुईच्या काठी, मातीच्या भिंतींचं असई गाव.

आता पलीकडची भिंत दिसेनाशी होऊ द्या. तारीख 23 सप्टेंबर 1803. तुम्ही भोकरदनच्या पूर्वेला, दौलतराव शिंद्यांच्या कंपूमागे घोड्यावर बसला आहात. कवायती पायदळाचा सेनापती हॅनोव्हरचा पोलमन. दहा हजारांवर शिस्तबद्ध शिपाई आणि शंभरावर तोफा केळणेकडे तोंड करून उभ्या आहेत. उजवीकडे मैलोनमैल घोडदळ, शिंद्यांचं आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांचं.

नदीपलीकडे धूळ उठते. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीजवळ लढायला जेमतेम साडेचार हजार माणसं आहेत आणि ती पहाटेपासून चालून आली आहेत. ती तुमच्यावर येत नाहीत, तुमच्या डावीकडे सरकतात. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलंय की इकडे नदी ओलांडायला उतार नाही. पण पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, आणि त्याने ताडलं की इथून माणसं ये-जा करत असणारच. उतार सापडतो. त्यावर तुमची एकही पलटण नाही. तुमच्या तोफा लांबूनच गोळे टाकतात. एका गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडतं. फौज मात्र पार होते.

पोलमन हुकूम देतो. दक्षिणेकडे तोंड असलेली सगळी रांग काटकोनात फिरून पूर्वेकडे तोंड करते: डावं टोक असईला, उजवं केळणेला. टेबलावर हे करून बघा, एकेक पट्टी उचलून. तोफांसकट, शत्रू समोर असताना, पट्ट्या एकमेकींना न अडखळता. टेबलावरच्या युद्धखेळांच्या अनेक नियमपुस्तकांत हिंदी पायदळाला ‘कच्चं’ ठरवून कमी गुण देतात. असईला ते लावणं साफ चूक आहे. या कंपूला कवायतीचे सर्वोच्च गुण द्या. वेलस्लीसुद्धा ही हालचाल पाहून चकित झाला होता.

मग तोफा बोलू लागतात. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल धडाधड कोसळतात, तेव्हा वेलस्ली तोफा मागेच सोडतो आणि संगिनी पुढे करतो. केळणेकाठाने 78 वी हायलँडर पलटण येते. तुमची उजवी बाजू फुटते. गोलंदाज मात्र तोफा सोडत नाहीत. तिथेच संगिनींनी मारले जातात. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतात, आणि रांग पुढे गेल्यावर उठून तोफा तिच्या पाठीवर वळवतात. खेळात यासाठी वेगळा नियम हवाच. तो नसेल तर ही असई नव्हे.

उत्तरेला इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून असईच्या फार जवळ जाते. तिच्यामागे 74 वी हायलँडर पलटण. गावाजवळच्या तोफा छर्र्यांनी तिची चाळण करतात. उरलेले हायलँडर प्रेतं रचून त्यांच्या आडोशाने लढतात. तुमचे काही स्वार त्यांच्यावर तुटून पडतात. इथेच लढाई तुमची होऊ शकते. मागे वळून बघा: हजारो घोडी जागच्या जागी उभी आहेत. इंग्रज घोडदळाचा सेनापती मॅक्सवेल ड्रॅगून आणि देशी रिसाले घेऊन येतो, 74 वी वाचते, आणि तुमची डावी बाजूही मोडते. कंपू जुईला पाठ लावून पुन्हा रांग धरतो. त्याच्यावरच्या शेवटच्या हल्ल्यात मॅक्सवेल मरतो. पण दौलतराव आणि रघुजी तोवर मैदान सोडून गेलेले असतात. 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागतात, आणि त्यासाठी त्यांची सुमारे 1,600 माणसं पडतात, मेलेली आणि जखमी मिळून.

माझं ठाम मत आहे की असईची लढाई शिपायांनी गमावली नाही; वरून हुकूमच न आल्याने ती गमावली गेली. म्हणून या खेळात फासे पायदळाच्या धैर्यावर खर्चू नका. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट ठरवा: सरदारांपर्यंत निरोप पोचला का, आणि पोचला तर ते हलले का. चार, पाच किंवा सहा पडले तर एक रिसाला पुढे.

पट्ट्या पुन्हा मांडा. या वेळी दोन पलटणी आणि बारा तोफा पिंपळगावच्या उतारावर ठेवा, आणि इंग्रजांचा पहिला शिपाई पाण्यात उतरताच भोसल्यांच्या घोडदळासाठी फासा टाका.