सच्छिद्र सिलिकॉन कार्बाइड आणि कणांचे आकारमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सिलिकॉन कार्बाइडचा इतिहास बहुधा त्याच्या काठिण्याच्या अंगाने सांगितला जातो. परंतु हा पदार्थ सामान्य दाबाखाली वितळत नाही. अतिउच्च तापमानाला त्याचे विघटन होते. त्यामुळे धातूप्रमाणे तो साच्यात ओतता येत नाही. त्याच्या बहुतेक वस्तू चूर्णापासूनच घडवाव्या लागतात. म्हणून चूर्णातील कणांच्या आकारमानावरील नियंत्रणाचा इतिहास हाच या पदार्थाच्या उपयोगाचा खरा इतिहास होय, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

शोध आणि प्रतवारी :
१८९१ मध्ये अमेरिकेतील मोनोंगाहेला येथे एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेच्या साहाय्याने तापविले असता त्यांना चमकदार, कठीण स्फटिक आढळले. हा पदार्थ कार्बन व कुरुंद यांच्या संयोगातून बनला असावा या समजुतीने त्यांनी त्यास 'कार्बोरंडम' हे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र टिकले. १८९३ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९५ मध्ये जलविद्युतेच्या सोयीमुळे उत्पादन नायगारा येथे सुरू झाले. भट्टीतील ढेकळे फोडून, दळून, चाळून कणांची प्रतवारी केली जाई. चाळणीच्या एका इंचातील छिद्रांची संख्या जितकी अधिक, तितका कण बारीक. चाळणीला न जुमानणारे सूक्ष्म कण पाण्यात निवळवून वेगळे केले जात. मोठा कण लवकर तळाशी बसतो, या अनुभवाला जॉर्ज स्टोक्स यांच्या १८५१ मधील नियमाने गणिती आधार दिला होता.

दोषाकडून गुणाकडे :
१९०० मध्ये फ्रान्सिस फिट्झजेराल्ड यांनी पुनःस्फटिकीकरणाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या पद्धतीच्या प्रगत रूपात जाड व बारीक कणांचे मिश्रण २००० अंश सेल्सिअसहून अधिक तापविले जाते. लहान कणांच्या अधिक वक्र पृष्ठभागावरील बाष्पदाब अधिक असल्याने त्यांचे बाष्पीभवन होते व ती वाफ जाड कणांच्या सांध्यांवर घट्ट होते. वस्तू जवळजवळ आकसत नाही. छिद्रे उरतात आणि त्यांचे माप मुख्यतः जाड कण ठरवितात.

अभियंत्यांच्या दृष्टीने ही छिद्रे दीर्घकाळ दोषच होती. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल इलेक्ट्रिकच्या स्वान्ते प्रोचाझ्का यांनी एका मायक्रोमीटरहून बारीक चूर्णात अल्प बोरॉन व कार्बन मिसळून, दाब न देता जवळजवळ निश्छिद्र सिरॅमिक सिद्ध केले. तेव्हा 'कण जितका बारीक, तितका उत्तम' ही धारणा दृढ होणे स्वाभाविक होते.

गाळणीच्या बाबतीत मात्र हे सूत्र अपुरे पडते. कोझेनी (१९२७) व कारमन (१९३७) यांच्या समीकरणानुसार, सच्छिद्रता तीच राहिल्यास वायू पार जाऊ देण्याची क्षमता कणव्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कण निम्मा केल्यास ती चौथ्या हिश्श्यावर येते. उलटपक्षी बारीक कणांमुळे सांध्यांची संख्या वाढून बळकटी वाढते. म्हणजे बळकटी व प्रवाह यांत तडजोड अटळ आहे.

ही तडजोड सार्वजनिक आरोग्याशी जोडली गेली ती डिझेलच्या काजळीमुळे. २००० मध्ये प्यूजो ६०७ या मोटारीत सिलिकॉन कार्बाइडची सच्छिद्र गाळणी कारखान्यातूनच बसविली जाऊ लागली. अशा गाळणीतील छिद्रे साधारणतः १० ते २० मायक्रोमीटरची असतात. काजळीचे कण त्यांहून कितीतरी लहान असूनही विसरणामुळे भिंतींना चिकटतात. पुढे काजळीचा थरच गाळण्याचे काम करतो. छिद्रे फार मोठी झाल्यास काजळी निसटते, फार लहान झाल्यास इंजिन गुदमरते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मानवास कर्करोगकारक ठरविला, तेव्हा या निवडीचे गांभीर्य अधिकच स्पष्ट झाले.

समारोप :
घासण्यासाठी सुरू झालेली कणांची प्रतवारी शतकभराने श्वासाच्या रक्षणास उपयोगी पडली. या काळात पदार्थाचे रासायनिक सूत्र बदलले नाही. बदलले ते कणांच्या मापावरील नियंत्रण व छिद्राकडे पाहण्याची दृष्टी. पदार्थाचे गुणधर्म केवळ सूत्रावरून शिकविणाऱ्या अध्यापनाने या इतिहासाची दखल घेणे आवश्यक ठरते.