अ‍ॅनालॉग स्विच : लॉजिक इनपुटच्या व्होल्टेज-मर्यादा
अ‍ॅनालॉग स्विच चिपच्या नियंत्रण पिनवरील व्होल्टेज ‘उच्च’ मानायचे की ‘नीच’, हे ठरवणाऱ्या मर्यादा. सीमॉस चिपमध्ये त्या पुरवठ्यानुसार बदलतात. सीडी४०६६ला ५ व्होल्ट पुरवठा असेल, तर स्विच खात्रीने चालू होण्यास किमान ३.५ व्होल्ट लागतात. पुरवठा १५ व्होल्ट असल्यास ११. म्हणून ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरने ही चिप थेट चालवू नये. प्रयोगाच्या टेबलावर असे सर्किट बहुधा चालते, आणि फसगत तिथेच होते : मर्यादांमधल्या पट्ट्यात निर्मात्याची हमी नसते, तापमान किंवा चिप बदलताच वर्तन बदलू शकते, शिवाय इनपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम वाहू लागल्याने पुरवठ्यातून जादा प्रवाह खेचला जातो. टीटीएलशी जुळणाऱ्या ७४एचसीटी४०६६ मध्ये ५ व्होल्ट पुरवठ्याला उच्च मर्यादा २ व्होल्ट, नीच ०.८ व्होल्ट असते.