राखेनं फुगवलेला गोड पाव

आज आम्ही तुमच्यापुढे एका खाऊचा इतिहास मांडणार आहोत. कणीक, गूळ, दही, सोडा, सुंठ, दालचिनी आणि अक्रोड घालून तासाभरात तयार होणारा गोड पाव तुमच्यापैकी काहींनी केला असेल. यात खमीर नाही, पीठ रात्रभर फुगत ठेवणं नाही. ही झटपट रीत आली कुठून? तिचं मूळ अमेरिकेतल्या लाकडाच्या राखेत आहे.

अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे पाव फुगवायचा तर खमीर घालून तासन्‌तास थांबावं लागे, नाहीतर अंडी फेस येईपर्यंत घोटावी लागत. हे हात मोडणारं काम घरच्या बायका, मोलकरणी आणि गुलाम स्त्रियांच्या वाट्याला येई.

त्याच काळात शेतीसाठी जंगलं तोडून जाळली जात होती, त्यामुळे राखेला तोटा नव्हता. राखेतून पाणी झिरपवायचं, ते लोखंडी कढईत आटवायचं, उरलेला खार भट्टीत भाजून पांढरा करायचा. या पांढऱ्या खाराला पर्लॅश म्हणत. आपल्या पापडखाराचा हा भाऊबंदच. आंबट पदार्थाशी गाठ पडली की खारातून वायू सुटतो आणि पीठ फुगतं. साबण आणि काच करायलाही हा खार लागे, म्हणून त्याला चांगला भाव होता. 31 जुलै 1790 रोजी अमेरिकेतलं पहिलं पेटंट दिलं गेलं, ते हा खार काढण्याच्या सुधारलेल्या पद्धतीसाठी. ते सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या नावावर आहे. हाच खार पिठात घालणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठं नोंदलेली नाहीत.

एक नाव तेवढं राहिलं: अमेलिया सिमन्स. 1796 मध्ये हार्टफर्ड गावी तिचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक छापलं गेलं. मुखपृष्ठावर तिनं स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी दिली. त्यात काकवी घातलेल्या मसाल्याच्या पावाची कृती आहे. मसाल्यात दालचिनी आहे आणि चक्क आपले धणेही आहेत. फुगवायला पर्लॅश.

अमेलियाचं शिक्षण बेताचं होतं. कृती छपाईसाठी लिहून द्यायला तिनं एका व्यक्तीला नेमलं. त्या व्यक्तीनं महत्त्वाचे जिन्नस गाळले आणि भलतेच घुसडले. पण अमेलिया गप्प बसली नाही. झालेली फसवणूक तिनं छापून जाहीर केली आणि चुका दुरुस्त केल्या.

पुढे राखेच्या खाराची जागा खायच्या सोड्यानं घेतली. 1846 च्या सुमारास तिकडे सोडा कारखान्यात बनून पुड्यांतून विकला जाऊ लागला. पर्लॅशची साबणासारखी चव गेली आणि सुकामेवा, फळं घातलेले झटपट पाव घरोघर होऊ लागले.

आता आपल्या चुलीवरची कृती. दोन वाट्या कणीक, एक चहाचा चमचा सोडा, सुंठ, दालचिनी आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. एक वाटी चिरलेला गूळ एक वाटी आंबट दह्यात विरघळवा, अर्धी वाटी तेल घाला. दोन्ही हलक्या हातानं मिसळा, फार घोटू नका. मूठभर अक्रोड किंवा भाजलेले शेंगदाणे घाला. दही आणि सोडा एकत्र येताच वायू सुटू लागतो, म्हणून मिश्रण लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता. जाड पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवा आणि झाकण लावून मंद आंचेवर पाऊण तास भाजा. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की पाव झाला.

आणि एक काम अमेलियासाठी करा. गटाच्या वहीत आपापल्या कृती आपल्या मापानं, आपल्या नावानं लिहा. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्या, पण पुन्हा मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय ‘बरोबर आहे’ म्हणू नका.