दमास्कसची लेखणी, महालातले चिटणवीस

नागपूरच्या महालात चिटणीस पार्क आहे आणि सिव्हिल लाइन्समध्ये चिटणवीस सेंटर. भोसल्यांच्या दरबारात चिटणिशी सांभाळणाऱ्या घराण्याचे हे नाव. याच घराण्यातले सर गंगाधरराव चिटणवीस 1921 मध्ये मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. पण या पदाचे कूळ नागपूर शहराहून कितीतरी जुने आहे. ते शोधत गेले की थेट दमास्कस गाठावे लागते.

सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही घातली. तिला म्हणत दिवाण. मुलूख अरबांनी जिंकला, पण वसुलीचा हिशेब लिहीत राहिले ते जुनेच कारकून, सीरियात ग्रीक भाषेत आणि इराकात पहलवीत. पुढे खलिफांची राजधानी झालेल्या दमास्कसच्या खजिन्याचा कारभार सरजून इब्न मन्सूर या ख्रिस्ती अधिकाऱ्याकडे होता. शतक संपता संपता खलिफा अब्द अल-मलिकने दप्तर अरबीत आणले, तेव्हा टिकायचे तर कारकुनांना अरबी लेखनात मुरणे भाग पडले. पुढे खलिफा मरवान दुसरा याचा चिटणीस अब्द अल-हमीद याने आपल्या व्यवसायबंधूंना एक पत्र लिहिले. अक्षर वळणदार करा, हिशेब पक्का ठेवा, अरबांचा आणि इराण्यांचाही इतिहास वाचा, धन्याचे गुपित फोडू नका, असा त्याचा आशय. कोणत्याही मंत्रालयात आजही भिंतीवर लावावे असे ते पत्र आहे.

हीच परंपरा फारसीच्या वाटेने दख्खनेत आली. फारसीत लिहिणारा तो नवीस, त्याचाच आपल्याकडे नीस झाला. फडणीस, सबनीस, चिटणीस, पारसनीस ही सगळी त्याच गोतातली. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने वसुलीचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणि ब्राह्मण कारकुनांकडे दिले. दमास्कसला जे घडले तेच इथे घडले, राज्यकर्त्याला लिहिणाऱ्यांवाचून गत्यंतर नव्हते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दप्तर आणि चिटणीस मराठीतून हलले नाहीत.

हा वारसा डोळ्यांनी पाहायचा तर अठराव्या शतकातले मोडी पत्र हाती घ्यावे. कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जाई. वर 'श्री', खाली 'मोर्तब सूद' हा समाप्तीचा शिक्का. आणि तारीख? 'अर्बा खमसैन मया व अलफ', म्हणजे चार, पन्नास, शंभर आणि हजार, मराठी दप्तरात चालणाऱ्या सुहूर कालगणनेचे सन 1154, आपले 1753-54. आकडे शुद्ध अरबी, लिपी मोडी, लिहिणारा मराठी. मला तर लेखनिकांच्या साऱ्या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा या एका ओळीत दिसतो.

नागपुरात अशा माणसांची गरज मोठी होती. शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा, त्यानंतर भोसले. रघुजी पहिल्यांनी 1751 मध्ये अलिवर्दीखानाकडून बंगालची 12 लाखांची चौथ कबूल करून घेतली, ती फारसीत चालणाऱ्या दरबाराकडून. घरचा कारभार मोडीत आणि बाहेरचा फारसीत, तेव्हा दोन्ही जाणणारे मुनशी दरबाराला हवेच होते. रघुजी दुसऱ्यांच्या काळात श्रीधर लक्ष्मण मुनशी हे राजकारणातले वजनदार नाव होते. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स आला, त्यालाही राज्याचा इतिहास हवा झाला, आणि तो लिहिला काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी. 'नागपूरकर भोसल्यांची बखर' ती हीच.

विदर्भातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या कपाटात मोडी कागदांची बाडे अजून निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत घालू नका. पुराभिलेख विभागाच्या नागपूर शाखेत किंवा मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी ती दाखवा, आणि जमल्यास स्वतः मोडी शिका.