स्पॉकचा मेंदू आणि तोट्याचं वर्ष



गेल्या रविवारी पोहे-जिलेबी आटोपून नातीबरोबर टीव्हीपुढे बसलो होतो. 'आजोबांच्या जमान्यातलं काहीतरी' म्हणून तिने स्टार ट्रेकचा एक जुना भाग लावला. अर्ध्यावर येईपर्यंत तिला हसू आवरेना. "आजोबा, तुम्ही हे बघायचात? आणि आवडायचं पण?" तिला जे उत्तर दिलं ते इथे जरा नीट मांडतो.

आपल्या इंदूरच्या जुन्या लोकांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन ही मालिका रविवारी सकाळी दाखवायचं. रामायण-महाभारतामुळे रस्ते ओस पडू लागले, त्याच्या थोडी आधीची ही गोष्ट. रामबागेत आमच्या ओळीत तेव्हा टीव्ही मोजकेच. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे सतरंजी टाकून सगळे बसायचे. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक पोराटोरांपासून काकूंपर्यंत सगळ्यांना कळायचा.

नातीने लावलेला भाग होता 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे स्पॉकचा मेंदू. अमेरिकेत तो २० सप्टेंबर १९६८ रोजी दाखवला गेला. गोष्ट ऐका. एंटरप्राइज यानावर एक परकी बाई अचानक प्रगट होते, मनगटावरचं बटण दाबते आणि सगळे बेशुद्ध. शुद्धीवर येऊन बघतात तर स्पॉक टेबलावर पडलेला आणि मेंदू गायब! डॉक्टर मॅकॉय म्हणतो, चोवीस तासांत मेंदू परत आणा. मग कप्तान कर्क बर्फाळ ग्रहावर उतरतो. तिथे वर कातडी पांघरलेले रानटी पुरुष आणि जमिनीखाली नटलेल्या बायका. त्यांची हवा, उष्णता, पाणी सगळं एक यंत्र चालवतं, आणि त्या यंत्रात आता स्पॉकचा मेंदू बसवलाय. इकडे बिनमेंदूचा स्पॉक रिमोटच्या बटणावर चालतोय. शेवटी मॅकॉय ज्ञान देणारं शिरस्त्राण डोक्यावर चढवतो आणि मेंदू परत बसवायला घेतो, पण मध्येच ते ज्ञान उतरू लागतं. तेव्हा टेबलावर पडलेला स्पॉकच त्याला पुढचं सांगतो! इतकं होऊनही त्याच्या केसांचा भांग बिघडत नाही.

हसण्यासारखं आहेच. स्टार ट्रेकच्या सगळ्यात वाईट भागांची यादी निघाली की हा बहुतेक पहिला असतो. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयनेही पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की या भागाचं चित्रण चालू असताना आपल्याला ओशाळल्यासारखं वाटत होतं.

पण मी पडलो बँकेतला माणूस. वाईट ताळेबंद दिसला की आधी प्रश्न पडतो, हे कशामुळे झालं?

मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताचीच. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी हवा पसरली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला पत्रं लिहायची मोहीम काढली. लाखाच्या वर पत्रं आली. शेवटी १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावरूनच सांगावं लागलं की मालिका चालू राहील, कृपया आता पत्रं नकोत.

चाहते जिंकले, पण पुढचं वाचा. सुरुवातीला सोमवारी संध्याकाळची चांगली वेळ कबूल झाली होती. ती गेली आणि हाती आली शुक्रवार रात्री दहाची. ज्या तरुणांसाठी मालिका होती ते शुक्रवारी रात्री घरी कुठले? मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी नाराज होऊन रोजच्या कामातून बाजूला झाला. नवा निर्माता आला, फ्रेड फ्रायबर्गर. पहिल्या वर्षी एका भागाला सुमारे १ लाख ९० हजार डॉलर मिळत, ते तिसऱ्या वर्षी १ लाख ७८ हजारांच्या आसपास आले. नटांचे पगार मात्र कराराप्रमाणे वाढत होते. म्हणजे वाढत्या खर्चाच्या तोंडाशी आटणारी रक्कम. त्या अख्ख्या वर्षात उघड्यावर जाऊन चित्रण झालं ते एकाच भागाचं. बाकी सगळं स्टुडिओच्या भिंतींत.

आणि ही मेंदूचोरी लिहिली कोणी? पडद्यावर नाव येतं ली क्रोनिन. हे टोपणनाव. खरा लेखक जीन कून, आधीच्या दोन वर्षांत मालिकेला आकार देणाऱ्यांपैकी एक. क्लिंगॉन ही शत्रूजमात त्याचीच. खाणीतल्या कामगारांना मारणारी राक्षसीण खरं तर आपली अंडी राखणारी आई निघते, तो उत्तम भागही त्याचाच. तोवर तो दुसऱ्या स्टुडिओशी करारबद्ध झाला होता, म्हणून नाव बदलून लिहीत होता. तेव्हा लिहिणारा हात कच्चा होता असं म्हणता येत नाही.

त्या पडत्या वर्षातच काही धाडसी कामंही झाली. नोव्हेंबर १९६८ मध्ये कर्क आणि उहुरा, म्हणजे गोरा पुरुष आणि कृष्णवर्णीय स्त्री, यांचं चुंबन अमेरिकन टीव्हीवर दिसलं. तेव्हा ती लहान गोष्ट नव्हती. तरी ३ जून १९६९ ला शेवटचा नवा भाग दाखवून मालिका बंद पडली. वाहिनीच्या वहीत खातं बुडीत.

आता खरा हिशेब. पहिल्या वर्षी २९ भाग, दुसऱ्या वर्षी २६. एकूण ५५. अमेरिकेत जुन्या मालिका गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकायची पद्धत होती. ती केंद्रं आठवड्यातून पाच दिवस एकेक भाग लावायची. ५५ भाग अकरा आठवड्यांत संपतात. इतक्या छोट्या मालाला गिऱ्हाईक अवघड. तिसऱ्या वर्षाने आणखी २४ दिले आणि बेरीज ७९ झाली. जवळपास सोळा आठवड्यांचा माल. तो विकता आला. शाळेतून आलेली मुलं संध्याकाळी बघू लागली, आणि पहिल्या खेपेला जे प्रेक्षक मिळाले नव्हते ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मिळाले. १९७२ साली न्यूयॉर्कला चाहत्यांचा मेळावा भरला. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या शटलचं नाव एंटरप्राइज पडलं. १९७९ ला सिनेमा आला. फिरत फिरत ती मालिका आमच्या सतरंजीपर्यंतही पोचली.

म्हणून नातीला म्हटलं, "हा भाग रद्दी आहे, कबूल. पण बेरजेत तो लागतो. हे २४ नसते तर बाकीचे ५५ कदाचित कपाटातच राहिले असते."

हे बोललो आणि मलाच जरा टोचलं. आता जे सांगतो ते तिला सांगितलं नाही. आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी मराठी नाटक व्हायचं. घरचेच नट, घरचाच पडदा. मी खजिनदार होतो. एका वर्षी नाटक अगदीच पडलं. पाठांतर नाही, मिशी गळून पडली, लोक हसले, वर तूट आली. पुढच्या बैठकीत मीच आकडे मांडले आणि म्हटलं, एक वर्ष खंड घेऊ, पुढच्या वर्षी जोमात करू. आकडे बरोबर होते. कोणी विरोध केला नाही. ते पुढचं वर्ष आलंच नाही. जी मुलं त्या नाटकांत मराठी बोलायला शिकायची, त्यांची मुलं आज आपल्याशी हिंदीत बोलतात. सगळा दोष त्या एका ठरावाचा नाही, पण कागदावर सही माझी आहे.

त्या वर्षी मी फक्त तूट बघितली. खंड पडला की काय जातं, याला वहीत रकाना नव्हता.

तुमच्या गावी असं एखादं नाटक, वाचनालय किंवा भजनी मंडळ रडतखडत चालू असेल, तर यंदाचं वर्ष कितीही वाईट गेलं तरी चालू द्या. आणि आपल्या नाटकांचे जुने फोटो कुणाकडे असतील तर इथे जरूर टाका. मिशी गळालेला असला तरी चालेल.